लॅपटॉपवर वाजते, गाडीत रुसते

गेल्या महिन्यात या सदरात ओझरतं लिहिलं होतं की जुन्या गाडीतला सीडी प्लेअर काढून टाकायची घाई करू नका, अजून कामाचा आहे. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. बहुतेकांची कथा एकच आहे, गाडी दहा-पंधरा वर्षांची, इंजिन ठणठणीत, स्पीकर झकास, ब्लूटूथ मात्र नाही, आणि ताम्हिणी नाहीतर वरंधा घाटात शिरलं की मोबाइलची रेंज गुल, म्हणजे ऑनलाइन गाणी बंद, म्हणून घरीच गाण्यांची सीडी बनवतात आणि तिथे काहीतरी अडतं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, गावं तेवढी ठेवलीत.

चिपळूणहून एक काका विचारतात: आमच्या गाडीत कंपनीचाच स्टिरिओ आहे, त्यावर एमपीथ्री असं छापलेलं पण आहे. मुलाने लॅपटॉपवर सीडी बनवून दिली, ती लॅपटॉपवर मस्त वाजते पण गाडीत टाकली की थोडा वेळ घरघर करून एरर दाखवते आणि बाहेर फेकते. दुसरी बनवली तीही तशीच. स्टिरिओ गेला का?

काका, बहुतेक नाही गेला. आधी एक करा, घरात एखादी विकत घेतलेली छापील ऑडिओ सीडी असेलच, ती टाकून बघा. ती वाजली म्हणजे लेन्स आणि मोटर ठीक आहे, खोट बनवलेल्या सीडीत आहे.

आता ती खोट कुठे असते ते जरा सविस्तर सांगतो, कारण निम्म्या पत्रांचं उत्तर यातच आहे. विंडोजमध्ये कोरी सीडी टाकली की एक खिडकी उघडते आणि विचारते की ही डिस्क कशी वापरणार, 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' की 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर'. पोरं घाईत असतात, पेन ड्राइव्हची सवय असते, पहिला पर्याय राहू देतात आणि नेक्स्ट दाबतात. त्याने होतं काय तर डिस्क यूडीएफ नावाच्या पद्धतीने तयार होते, जिच्यात फायली हव्या तेव्हा टाकता येतात, पुसता येतात, कॉम्प्युटरला ती कळते म्हणून लॅपटॉपवर छान वाजते. गाडीतला स्टिरिओ मात्र तलाठी ऑफिसातल्या जुन्या कारकुनासारखा आहे, अर्ज ठरलेल्या नमुन्यात असेल तरच हात लावणार. त्याचा नमुना म्हणजे आयएसओ ९६६०, हे १९८८ सालचं स्टँडर्ड आहे, आणि त्याला लांब नावांसाठी मायक्रोसॉफ्टने जोडलेलं जोलिएट. तुम्ही 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर' निवडलं की विंडोज याच नमुन्यात डिस्क बनवतो. वेगळं सॉफ्टवेअर वापरत असाल, इमेजबर्न म्हणा किंवा लिनक्सवालं ब्राझेरो, के३बी, तर तिथे फाइल सिस्टीमच्या जागी आयएसओ ९६६० अधिक जोलिएट असं दिसलं पाहिजे, यूडीएफची खूण काढून टाका.

दुसरी गोष्ट, डिस्क बंद करणे, म्हणजे फायनलाइज किंवा क्लोज डिस्क. बरेच जण आज वीस गाणी टाकतात, पुढच्या रविवारी आणखी वीस, याला मल्टिसेशन म्हणतात. कॉम्प्युटरला चालतं, पण कितीतरी स्टिरिओ फक्त पहिलं सेशन वाचतात, काही फक्त शेवटचं, आणि डिस्क उघडीच राहिली असेल तर काही हातच लावत नाहीत. सगळी गाणी आधी एका फोल्डरमध्ये जमवा, ऐकून घ्या, मग एका दमात बर्न करून, म्हणजे सीडीवर लिहून, डिस्क बंद करा. सीडी वाया जाईल म्हणून जागा शिल्लक ठेवून डिस्क उघडी ठेवणं ही काटकसर महागात पडते.

तिसरं म्हणजे पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. सीडी-आर हवी, म्हणजे एकदाच लिहिता येणारी. सीडी-आरडब्ल्यू म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिता येणारी, ती लेसरचा उजेड फारच कमी परत फेकते, छापील सीडी ७० टक्क्यांच्या आसपास परत फेकते तर आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के, त्यामुळे जुन्या प्लेअरला ती आहे हेच दिसत नाही. आणि मुलाने चुकून डीव्हीडीवर गाणी टाकली असतील तर मग विषयच संपला, सीडी वाचणारा लेसर डीव्हीडी वाचूच शकत नाही, दिसायला दोन्ही सारख्याच असल्या तरी.

राहिला स्पीड, म्हणजे सीडी किती वेगाने लिहायची ते, तो एक्समध्ये मोजतात. ५२एक्सची डिस्क आहे म्हणून ५२एक्सने बर्न करू नका, १६ किंवा २४एक्स ठेवा. चारएक्सवर हळूहळू केलं की सर्वात चांगलं होतं असं काही लोक सांगतात, ते जुन्या डिस्कच्या काळातलं, हल्लीच्या डिस्कचा रंगलेप जास्त वेगासाठीच बनवलेला असतो. आणि बर्न झाल्यावर व्हेरिफायची, म्हणजे लिहिलेलं नीट वाचता येतंय का ते तपासायची, खूण ठेवा, दोन-तीन मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.

सोलापूरहून एक ताई लिहितात: सासूबाईंसाठी सीडी बनवली, आधी भूपाळ्या, मग अभंग, शेवटी आरत्या. कॉम्प्युटरवर क्रम लावूनच टाकलं होतं. गाडीत सगळं उलटं, आरत्या आधी लागतात! सासूबाई म्हणतात आरती झाल्यावर देवाला पुन्हा उठवायचं का?

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे, स्टिरिओला भक्तीचा क्रम कळत नाही, त्याला फक्त एबीसीडी कळते. तुम्ही फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत आरती, अभंग, भूपाळी अशी दिली असणार. डबल ए, मग ए बी, मग बी. तंतोतंत त्याच क्रमाने वाजतंय बघा. तुम्ही स्क्रीनवर माउसने ओढून जो क्रम लावला तो फक्त स्क्रीनवर असतो, सीडीवर फायलींची यादी नावाच्या क्रमानेच लिहिली जाते.

उपाय सोपा, नावाच्या आधी आकडा. पण नुसता १, २, ३ नाही, ०१, ०२, ०३ असा, नाहीतर १ नंतर थेट १० वाजेल मग ११ मग कधीतरी २ येईल, कारण तो आकडा वाचत नाही, एकेक अक्षर वाचतो. एका फोल्डरमध्ये शंभराच्या वर फायली असतील तर ००१ पासून सुरुवात करा. फोल्डरलाही तसंच, ०१ भूपाळी, ०२ अभंग, ०३ आरती. आणि फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक असं करू नका, काही स्टिरिओ आधी वरचे सगळे फोल्डर उरकतात मग आतल्यांकडे वळतात, काही जाईल तिथे खोल शिरतात, तुमचा कोणत्या जातीचा हे मॅन्युअलमध्येही धड लिहिलेलं नसतं. एकच पातळी ठेवा. सुटी गाणी बाहेर ठेवू नका, ती बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी वाजतात. प्लेलिस्टची फाइल टाकून उपयोग नाही, बहुतेक गाड्या तिच्याकडे बघत पण नाहीत.

शंभर फायलींना हाताने आकडे देत बसू नका हं. एमपीथ्रीटॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळी गाणी एकदम निवडून नंबर टाकता येतात. आणि हे सगळं करूनही क्रम विस्कटलेला असेल तर स्टिरिओवर आरडीएम असं बटण दबलंय का बघा, ते रँडमचं असतं, नातवंडांचं आवडतं बटण.

नाशिक, कॉलेजमधला एक जण: गाण्यांची नावं मराठीत टाइप केली होती, डिस्प्लेवर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात.

स्टिरिओमध्ये देवनागरी फॉन्टच नाहीये, कुठून दाखवणार. नाव आणि आतला टॅग दोन्ही इंग्रजी अक्षरांत लिही, आकडे पण इंग्रजी कीबोर्डवरचेच टाक, देवनागरी आकडे टाकलेस तर तिथेही चौकोनच. टॅग म्हणजे फाइलच्या आत लिहिलेलं गाणं, गायक, अल्बम वगैरे, त्याला आयडीथ्री म्हणतात. जुन्या स्टिरिओंना त्याचं २.३ व्हर्जन मानवतं, एमपीथ्रीटॅगच्या सेटिंगमध्ये ते निवडता येतं. सगळ्यात पहिल्या व्हर्जनमध्ये तर गाण्याच्या नावाला ३० अक्षरंच मिळायची, म्हणून काही डिस्प्लेवर नाव अर्धवट तुटलेलं दिसतं, ती खराबी नाही. टॅगमध्ये अल्बमचा मोठ्ठा फोटो चिकटवलेला असेल तर तो काढून टाक, जुना स्टिरिओ तो फोटो ओलांडता ओलांडता दमतो आणि गाणं सुरू व्हायला वेळ लागतो.

पुण्याहून एक वाचक: मी फक्त रागसंगीत ऐकतो. मूळ सीडीवर विलंबित आणि द्रुत हे दोन वेगळे ट्रॅक आहेत, पण ऐकताना सलग लागतात. मी त्यांची एमपीथ्री सीडी केली तर मध्ये खटकन तानपुरा तुटतो. एका ठिकाणी ऑडिओ सीडी करून बघितली तर तिथे दोन सेकंद शांतता.

या प्रश्नाबद्दल आभार, कारण फिल्मी गाणी ऐकणाऱ्याला हा त्रास कधी जाणवतच नाही. एमपीथ्री सीडीवर गाण्यांच्या फायली असतात, ऑडिओ सीडीवर विकतच्या सीडीसारखे ट्रॅक, म्हणून इथे दोन वेगळ्या गोष्टी घडताहेत.

एमपीथ्रीत आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत बांधलेला असतो, एका तुकड्यात आवाजाचे ११५२ नमुने (सॅम्पल), म्हणजे साधारण २६ मिलिसेकंद. गाणं बरोबर तुकड्याच्या हद्दीवर संपत नाही, म्हणून उरलेली जागा शांततेने भरली जाते, आणि सुरुवातीलाही एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम, थोडी रिकामी जागा घालतोच. त्यात स्टिरिओ एक फाइल बंद करून दुसरी उघडायला क्षणभर घेतो. टाळ्या वाजत असतील तर खपून जातं, तानपुऱ्याचा अखंड आवाज असेल तर कानाला लगेच लागतं. गाडीच्या स्टिरिओत यावर सेटिंग वगैरे नसतं. म्हणून एमपीथ्रीच करायची असेल तर विलंबित आणि द्रुत आधी जोडून एकच फाइल करा, ऑडॅसिटी या आवाज कापा-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ सीडीवरून घेतलेल्या वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या, फायली एकामागे एक ठेवल्या की झालं, मग त्याची एमपीथ्री. आधी एमपीथ्री करून मग जोडू नका, ती रिकामी जागा आत तशीच राहील.

ऑडिओ सीडीतले दोन सेकंद हे मात्र बर्न करणाऱ्या सॉफ्टवेअरने घातलेले असतात. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये बर्नच्या जास्तीच्या पर्यायांत 'बर्न सीडी विदाउट गॅप्स' अशी खूण आहे, ती करा. इतर सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्क अॅट वन्स' निवडून ट्रॅकमधला पॉज शून्य करा, 'ट्रॅक अॅट वन्स' असेल तर लेसर प्रत्येक ट्रॅकनंतर थांबतो आणि ती खाच राहते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर रागसंगीतासाठी सरळ ऑडिओ सीडीच करा. ८० मिनिटांत एक मोठा राग आणि शेवटी एखादी ठुमरी सहज बसते, पुण्याहून लोणावळा ओलांडेपर्यंत तेवढं पुरतं. एका डिस्कवर चाळीस राग कोंबून घाटात पुढे-मागे शोधत बसण्यात काय मजा आहे, आणि गाडी चालवताना शोधू तर नयेच.

कोल्हापूर: सीडी ३२० ने करायची की १२८ ने? मित्र म्हणतो ३२० च्या खाली ऐकणं म्हणजे पाप.

मित्राला गाडी हायवेला ऐंशीवर घेऊन काच थोडी खाली करून ओळखायला सांगा. हे आकडे बिटरेटचे, म्हणजे आवाजाच्या एका सेकंदाला किती किलोबिट जागा जाते त्याचे. हिशोब असा आहे, कोऱ्या सीडीवर ७०० एमबी मावतात. १२८ ला मिनिटाला जवळपास एक एमबी जातो म्हणजे बारा तासांवर गाणी, १९२ ला साडेआठ तासांच्या आसपास, ३२० ला पाच तास. मी १९२ ठेवतो, पाच-पाच मिनिटांची साधारण शंभर गाणी बसतात आणि डिझेल गाडीत फरक कळत नाही. १२८ ला झांजा आणि टाळ जरा फिसफिस करतात, म्हणून भजनांना ते टाळा. दोन गोष्टी मात्र पाळा. एक, कॉन्स्टंट, म्हणजे गाणंभर सारखा बिटरेट ठेवा, व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होणारा नको, जुने स्टिरिओ व्हेरिएबलच्या फायलीची वेळ भलतीच दाखवतात, कधी पुढे ढकलताना अडकतात. दुसरं, सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते, ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा, व्हिडिओतून काढलेला आवाज बरेचदा ४८ चा असतो आणि काही जुन्या मॉडेलना तो पचत नाही.

आणि १२८ ची फाइल सॉफ्टवेअरमध्ये घालून ३२० ची करता येते का असंही तिघा-चौघांनी विचारलंय. करता येते, आवाज मात्र होता त्याहून किंचित खराबच होतो, फुगते ती फक्त साइज. एकदा टाकून दिलेला आवाज परत येत नाही.

जळगाव: विकतच्या सीडीवरून गाणी कॉम्प्युटरवर कॉपी केली, प्रत्येक गाणं १ केबीचं आलं. त्याची सीडी बनवली तर काहीच वाजत नाही.

त्या सीडीए फायली आहेत, त्यात गाणं नसतंच. ऑडिओ सीडीवर मुळात फायली नसतात, ट्रॅक असतात, आणि विंडोज तुम्हाला दिसावं म्हणून प्रत्येक ट्रॅकच्या नावाने एक चिठ्ठी दाखवतो की हा ट्रॅक इथून सुरू होतो आणि इतका लांब आहे. तुम्ही चिठ्ठ्या कॉपी केल्यात. गाणं काढायला रिप करावं लागतं, मीडिया प्लेअरमध्येच रिपचं बटण आहे, फक्त त्याआधी रिप सेटिंगमध्ये जाऊन फॉरमॅट एमपीथ्री करा कारण तो स्वतःहून डब्ल्यूएमए या मायक्रोसॉफ्टच्या फॉरमॅटवर असू शकतो आणि ते सगळ्या गाड्यांना चालत नाही. ओरखडे असलेल्या जुन्या सीडींसाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं सॉफ्टवेअर घ्या, ते खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं, वेळ लागतो पण गाणं वाचतं.

सांगलीहून एक वाचक: वडिलांच्या भजनी मंडळाच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेतल्यात, त्यासोबत नवीन गाणीही सीडीवर टाकली. भजन लागलं की व्हॉल्यूम पूर्ण वाढवावा लागतो, पुढचं गाणं आलं की कानठळ्या.

कॅसेट कमी आवाजात रेकॉर्ड झालेली असते आणि नवीन गाणी मुद्दाम दाबून-चेपून मोठ्या आवाजात बनवलेली असतात. यासाठी एमपीथ्रीगेन बघा, जुनं आहे, दिसायला ओबडधोबड आहे, पण काम चोख करतं. ते प्रत्येक फाइल ऐकायला किती मोठी लागते ते मोजतं आणि सगळ्या फायली एका पातळीवर आणतं, तेही आवाज पुन्हा एन्कोड न करता, फाइलच्या आत लिहिलेला आवाजाचा आकडा फक्त बदलतो, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी. म्हणजे दर्जा घटत नाही आणि नको वाटलं तर परत पूर्वीसारखं करता येतं. त्यात ८९ डेसिबल आधीच भरलेलं असतं, गाडीसाठी ते जरा हळू वाटतं, ९२ करून बघा. क्लिपिंग, म्हणजे आवाज फाटतोय, असं लाल अक्षरात आलं तर तेवढ्या गाण्यापुरतं खाली आणा. ऑडिओ सीडी करत असाल तर मीडिया प्लेअरच्या बर्न पर्यायांत आवाज समान करायची खूण आहे, ती पण पुरते.

वडिलांच्या कॅसेटबद्दल आणखी एक, त्यांची मूळ वेव्ह फाइल हार्ड डिस्कवर जपून ठेवा, एमपीथ्री ही फक्त गाडीसाठीची कॉपी. आणि कॅसेटची एक बाजू एकच तीस मिनिटांची फाइल म्हणून टाकू नका, ऑडॅसिटीत प्रत्येक अभंगाच्या सुरुवातीला लेबल लावून एकदम वेगवेगळ्या फायली काढता येतात, नाहीतर बॅकग्राउंडला 'माउली, जरा सरका' ऐकत पंधरा मिनिटं पुढे ढकलत बसाल.

लातूर: व्हॉट्सअॅपवर आलेली गाणी सीडीवर टाकली, निम्मीच वाजतात. नाव बदलून शेवटी एमपीथ्री लिहिलं तरी नाही.

नाव बदलून आतला माल बदलत नाही. ती ओपस नाहीतर एमफोरए या वेगळ्या फॉरमॅटची असणार. फ्री-अॅक किंवा व्हीएलसी या सॉफ्टवेअरमधून एमपीथ्रीत कन्व्हर्ट करा.

नागपूरहून एक काकू विचारतात: सीडीवर सुंदर छापील कागदी लेबल लावलं होतं, मे महिन्यात गाडी उन्हात उभी होती, नंतर सीडी आत अडकली ती निघेचना. मेकॅनिकने डॅशबोर्ड उघडून काढली.

काकू, कागदी लेबल गाडीत नकोच. गाडीचा स्टिरिओ सीडी रबरी रुळांमधून आत ओढतो, जागा अगदी बेताची, आणि नागपूरच्या उन्हात बंद गाडीत गोंद सैल होणारच, मग कडा उचलली जाते आणि अडकते. नुसत्या मार्करने लिहा, मऊ टोकाचा सीडी मार्कर, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. बॉलपेनने तर कधीच नाही. लोक चकचकीत बाजू जपतात आणि लिहायच्या बाजूवर काहीही करतात, खरं तर नाजूक तीच आहे. चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटरचं प्लॅस्टिक आहे, तिथला ओरखडा पुसून-घासून कधी कधी जातो, पण गाणी ज्या थरात आहेत तो थर लेबलच्या बाजूला, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो, तो खरवडला गेला की संपलं. डिस्क डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, घरी बनवलेल्या सीडीतला रंगलेप उन्हाने उतरतो, छापील सीडीला तेवढं होत नाही. पाउचमध्ये घालून सीटखाली ठेवा, आणि मूळ गाणी घरी आहेतच, दर दोन वर्षांनी नवीन कॉपी करा.

रत्नागिरी आणि सावंतवाडी, दोन पत्रं एकच तक्रार: पावसाळ्यात सकाळी स्टिरिओ 'नो डिस्क' म्हणतो, तासाभराने आपोआप वाजायला लागतो. आणि आंबोलीच्या वळणांवर शेवटची गाणी उड्या मारतात.

सकाळचं दुखणं दमटपणाचं आहे, लेन्सवर बाष्प धरतं. डिस्क बाहेर काढून थोडा वेळ थांबायचं, वाळलं की वाजतं. लगेच लेन्स क्लीनरची ब्रशवाली सीडी घालायला जाऊ नका.

शेवटचीच गाणी उड्या मारतात यालाही कारण आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटची गाणी बाहेरच्या कडेला, आणि बोटांचे डाग, ओरखडे, बर्नमधल्या चुका हे सगळं कडेलाच जास्त असतं. डिस्क काठोकाठ भरू नका, ५० एक एमबी मोकळी सोडा. पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. आणि घाटात ऑडिओ सीडीपेक्षा एमपीथ्री सीडी सहसा कमी अडकते, कारण फाइल लहान असल्याने स्टिरिओला पुढचे बरेच सेकंद आधीच वाचून मेमरीत ठेवता येतात.

ठाणे: आवडीच्या गाण्यांच्या पन्नास सीडी करून सोसायटीच्या सहलीला विकायचा विचार आहे.

नका करू. स्वतःच्या खाजगी वापरासाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, विक्रीसाठी नाही.

अमरावती: नवीन लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, आणि दुकानदार म्हणतो कोऱ्या सीडी आता येत नाहीत.

ड्राइव्हचं सोपं आहे, यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर मिळतो, सीडी त्यावरच बर्न होते. तो थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, हबमधून नको, बर्न करताना करंट कमी पडला की डिस्क वाया. कोऱ्या सीडींचं मात्र अवघड होत चाललंय हे खरं. एकेकाळी कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत आपली नोएडाची मोझर बेअर होती, २०१८ मध्ये तिच्यावर दिवाळखोरी कायद्याखाली लिक्विडेशनची, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळायची, वेळ आली. तुमच्याकडे नाही मिळाल्या तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास कुणी येणारं-जाणारं असेल त्याला विचारून यायला सांगा, ऑनलाइनही मिळतात. जुना स्टॉक घेताना एक डिस्क उजेडासमोर धरा, टाचणीएवढी भोकं चमकली तर तो डबा घेऊ नका. आणि अख्खा डबा घ्यायच्या आधी एकच सीडी बनवून आपल्या गाडीत वाजवून बघा, काही स्टिरिओंना काही ब्रँडच्या डिस्क आवडतच नाहीत, त्याचं कारण शोधत बसू नका.

बडोद्याहून एक मराठी वाचक: गाडीत सहा सीडींचा चेंजर आहे. एकात मी एमपीथ्री सीडी टाकली तर पहिला ट्रॅक म्हणून नुसती शांतता वाजते, काटा मात्र पुढे जातोय. आणि पेन ड्राइव्हचं पोर्ट पण आहे पण ६४ जीबीचा ओळखत नाही.

शांतता वाजते म्हणजे तुमचा चेंजर फक्त ऑडिओ सीडीवाला आहे, त्याला एमपीथ्री कळत नाही आणि कुठल्याही सेटिंगने कळणार नाही. त्यासाठी गाणी ऑडिओ सीडी म्हणूनच बर्न करा, मीडिया प्लेअरमध्ये बर्नच्या वेळी 'डेटा सीडी' ऐवजी 'ऑडिओ सीडी', एकेका डिस्कवर ८० मिनिटं आणि फार तर ९९ ट्रॅक. सहा डिस्क म्हणजे आठ तास, बडोदा-मुंबई आरामात. लहान ८ सेंटिमीटरची सीडी त्यात घालू नका, परत येणार नाही.

पेन ड्राइव्हचं फॉरमॅट, म्हणजे आत फायली मांडायची पद्धत, बहुतेक एक्सफॅट किंवा एनटीएफएस असणार, गाडीला फॅट३२ लागतं. विंडोजचं नेहमीचं फॉरमॅट वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या वर फॅट३२ देतच नव्हतं, म्हणून १६ किंवा ३२ चा साधा पेन ड्राइव्ह घ्या, फॉरमॅट करताना फॅट३२ निवडा. क्रमाचं गणित इथे वेगळं आहे बरं का, सीडीवर नावाने क्रम लागतो, पेन ड्राइव्हवर बरेच स्टिरिओ ज्या क्रमाने फायली कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. त्यामुळे आकडे दिल्यावरही गडबड झाली तर ड्राइव्ह पुसून फोल्डर एकेक करून, आधी ०१ मग ०२ असे कॉपी करा.